न दिसणारी रांग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय तसा घरगुती आहे. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं कमी असतात. घरातला मुलगा मोबाइल हातात धरून बसलेला असतो, मुलीनं लॅपटॉप उघडलेला असतो आणि वडिलांच्या फोनवरही तेच पान लावून ठेवलेलं असतं. बाराच्या ठोक्याला कुठल्याशा कंपनीचा सेल सुरू होणार असतो. दहा हजारांचा फोन सहा हजारांत, 'साठा संपेपर्यंत'. बारा वाजतात. पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागतं आणि फिरतच राहतं. चार मिनिटांनी शब्द उमटतात, 'सॉरी, सोल्ड आऊट'.

मग घरात तीन प्रकारची मतं ऐकू येतात. मुलगा म्हणतो, "सगळं आधीच ठरलेलं असतं, आपल्याला नुसतं नादी लावतात." वडील म्हणतात, "आपलं नेटच स्लो आहे." आणि आजी म्हणते, "स्वस्ताच्या मागे लागायचंच कशाला? आवळा देऊन कोहळा काढणारी माणसं ती!"

ही तिन्ही मतं आपण आज जरा तपासून पाहू. कारण या चार मिनिटांत गिऱ्हाइकाला जो राग येतो, त्याला आपण हसण्यावारी नेतो. त्या रागात एक अगदी रास्त मागणी दडलेली आहे, असं मला वाटतं.

आपल्या छावणीत गुरुवारी आठवडी बाजार भरतो. तिथंही माल मर्यादितच असतो. मेथीच्या पन्नास जुड्या घेऊन बसलेल्या बाईकडे एक्कावन्नावी जुडी नसते. दिवस मावळायला लागला, घरी परतायची वेळ झाली की ती भाव उतरवते. पाच-सहा गिऱ्हाइकं एकदम टोपलीवर वाकतात. एखाद्याच्या हाताला काहीच लागत नाही. तो चरफडतो, पण बाईनं आपल्याला फसवलं असं काही तो म्हणत नाही. कारण टोपली त्याच्या डोळ्यांदेखत रिकामी झालेली असते. जुड्या किती उरल्या होत्या, त्या कोणी उचलल्या, आपल्या आधी कोणाचा हात पोचला, हे सगळं त्यानं पाहिलेलं असतं. न मिळाल्याची हळहळ असते, पण संशय नसतो.

रांगेची तर आपल्याला पिढ्यान् पिढ्यांची सवय. रेशनची साखर, रॉकेल, गॅसचं कनेक्शन, टेलिफोन. छावणीतून नगर नाका ओलांडून पुढं गेलं की वाळूज लागतं. तिथं बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या टंचाईच्या काळात स्कूटरची नोंदणी करून माणसं आठ-आठ, दहा-दहा वर्षं वाट पाहत. नंबर लागलेली स्कूटर जास्तीचे पैसे घेऊन दुसऱ्याला देऊन टाकण्याचे प्रकारही तेव्हा सर्रास होत. म्हणजे जुनी रांग काही सोवळ्यातली नव्हती. पण तिच्यात एक गोष्ट होती. नोंदणीची पावती मिळत असे आणि तिच्यावर नंबर असे. आज ना उद्या आपली पाळी येईल, हे त्या नंबरवरून कळत असे.

पडद्यावरच्या सेलमध्ये नेमका हा नंबरच नाहीसा झाला आहे. आपण रांगेत आहोत की नाही, पुढं किती जण आहेत, माल किती होता, तो कधी संपला, यातलं काहीही कळत नाही. वस्तू मिळाली नाही याचा राग थोडा वेळ टिकतो. आपल्याशी काय झालं हेच कळलं नाही, हा राग मात्र पुष्कळ दिवस राहतो.

आपल्या देशातलं याचं पहिलं मोठं उदाहरण २०१४ सालचं. दिवाळीच्या आधी, ६ ऑक्टोबरला, फ्लिपकार्ट कंपनीनं 'बिग बिलियन डे' नावाचा सेल लावला. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. सकाळी आठला सेल सुरू झाला आणि थोड्याच वेळात संकेतस्थळ अडखळायला लागलं. कुणाला पानच उघडेना. कुणाला वस्तू दिसायची, पण टोपलीत टाकायला गेलं की संपलेली असायची. कुणाचे पैसे भरून झाले, ऑर्डर पक्की झाल्याचा निरोप आला आणि मागाहून ती रद्द झाली. काही वस्तूंचे भाव आदल्या दिवसांपेक्षा चढवून मग त्यावर सूट दाखवली, अशीही ओरड झाली. कंपनीच्या हिशेबानं त्या दिवशी दहा तासांत सुमारे ६०० कोटी रुपयांची विक्री झाली. तरीही दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दोन्ही संस्थापकांना, सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांना, ग्राहकांना माफीचं पत्र पाठवावं लागलं.

ते पत्र मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यात नुसतं 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं मोघम लिहिलेलं नव्हतं. भावातले बदल, माल संपणं, ऑर्डरी रद्द होणं आणि संकेतस्थळ बंद पडणं, अशा चार चुका वेगवेगळ्या सांगितलेल्या होत्या. वीसपट गर्दीची तयारी केली होती, जवळपास पाच हजार सर्व्हर लावले होते, पण गर्दी त्याहूनही जास्त झाली, असा खुलासा होता. त्यावेळच्या वाणिज्य मंत्री निर्मला सीतारामन यांनी, आपल्याकडे पुष्कळ तक्रारी आल्या आहेत आणि सरकार यात लक्ष घालील, असं सांगितलं. एका दुकानाच्या सेलबद्दल केंद्रीय मंत्र्याला बोलावं लागलं, यावरून लोक किती चिडले होते याचा अंदाज यावा.

आता ही गर्दी म्हणजे नेमकं काय होतं, ते थोडक्यात पाहू. एसटी स्टँडवरची तिकिटाची खिडकी डोळ्यांसमोर आणा. आतला माणूस मिनिटाला दहा तिकिटं देऊ शकतो. बाहेर दहा माणसं असली तर सगळं सुरळीत चालतं. एकदम हजार माणसं आली तर रांग लांबते. पण समजा, रांगेतला प्रत्येक जण दर पाच सेकंदांनी रांग सोडून पुन्हा शेवटी जाऊन उभा राहायला लागला, आणि तरीही त्याची आधीची जागा कोणी मोकळी केली नाही, तर काय होईल? आतला माणूस निघून गेलेल्या लोकांना हाका मारत बसेल. आपण चक्र फिरताना पाहून पुन्हा पुन्हा पान ताजं करतो, तेव्हा अगदी हेच घडतं. आपली प्रत्येक बोटटोच यंत्राच्या दृष्टीनं एक नवं गिऱ्हाईक असते. सर्व्हर आधीच्या मागण्या पुरवत बसतो आणि तोवर मागणारा पुढं गेलेला असतो.

त्यात गणितही आपल्या बाजूचं नसतं. समजा, पाचशे फोन आहेत आणि पाच लाख माणसं टपून बसली आहेत. म्हणजे हजारात एकाला फोन मिळणार. तुम्ही घरातले तीन मोबाइल लावले तर तुमची संधी वाढते खरी, पण तेवढ्यापुरतीच. सगळ्यांनीच तीन-तीन लावले की संधी पुन्हा हजारात एकच राहते, आणि यंत्रावरचा भार मात्र तिप्पट होतो. पुढच्याला नीट दिसावं म्हणून टाचा उंच केल्या तर मागचाही टाचा उंच करतो. शेवटी पाय सगळ्यांचेच दुखतात, दिसत कुणालाच जास्त नाही.

ऑर्डर पक्की झाल्यावर रद्द का होते, हाही प्रश्न पुष्कळांना पडतो. पडद्यावर 'फक्त दोन शिल्लक' असं दिसतं, तो आकडा गोदामातल्या आकड्याच्या थोडा मागे असू शकतो. एरवी हा फरक जाणवत नाही. गर्दीच्या वेळी त्या दोन वस्तूंसाठी दोनशे जणांच्या मागण्या एकाच क्षणी आत शिरतात. वस्तू टोपलीत टाकली म्हणजे ती आपल्या नावानं राखली गेली, असा आपला समज असतो. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. पैसे भरेपर्यंत ती सगळ्यांचीच असते. बँकेचा ओटीपी उशिरा आला तर तेवढ्यात दुसरा घेऊन जातो. ज्या दुकानानं ही मोजणी नीट सांभाळली नाही, ते असलेल्या मालापेक्षा जास्त माल विकून बसतं आणि मग 'क्षमस्व' असा निरोप धाडतं.

आता आजीचं म्हणणं घेऊ. स्वस्ताचा मोह तर आहेच, आणि त्याचं ठळक उदाहरण म्हणजे २०१६ चा २५१ रुपयांचा फोन. नोएडाच्या रिंगिंग बेल्स नावाच्या कंपनीनं 'फ्रीडम २५१' या नावाचा स्मार्टफोन फक्त २५१ रुपयांत देऊ केला, वर ४० रुपये पोचवण्याचे. १८ फेब्रुवारीला नोंदणी सुरू झाली आणि लागलीच संकेतस्थळ कोलमडलं. इतक्या किमतीत असा फोन तयारच होऊ शकत नाही, असं मोबाइल बनवणाऱ्यांच्या संघटनेनं तेव्हाच सरकारला कळवलं होतं. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनीही शंका घेतल्या. तरीही लोक तुटून पडले. पुढं कंपनीनं पैसे भरलेल्यांना ते परत करत असल्याचं सांगितलं, नंतर थोडे फोन दिल्याचं सांगितलं, आणि २०१७ मध्ये एका वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकाला अटक झाली.

पण यात एक गंमत पाहा. संकेतस्थळ बंद पडलं म्हणून पुष्कळांचा विश्वास कमी झाला नाही, उलट वाढला. इतकी गर्दी आहे म्हणजे काहीतरी खरं असणार, असं लोकांना वाटलं. गर्दी हाच जणू पुरावा झाला. प्रत्यक्षात पान बंद पडणं यावरून एवढंच कळतं की पान बंद पडलं. खिडकीच्या आत माल आहे की नाही, ते त्यावरून समजत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये १९९२ साली, इंटरनेटच्या खरेदीचा पत्ता नसताना, हूव्हर या कंपनीनं जाहीर केलं की आमची १०० पौंडांची वस्तू घ्या आणि विमानाची जाण्यायेण्याची दोन तिकिटं फुकट मिळवा. सुरुवातीला युरोपची, मग अमेरिकेची. शंभर पौंडांच्या झाडू मारायच्या यंत्रावर कित्येक पौंडांची विमानयात्रा! लोकांनी नको असलेली यंत्रं घेतली. अर्जांचा ढीग पडला आणि कंपनी तारखा पुढं ढकलू लागली. तेव्हा तिथल्या ग्राहकांनी काय केलं? त्यांनी एक गट स्थापन केला, कंपनीची मूळ मालकी अमेरिकेत होती तर तिथल्या भागधारकांच्या सभेपर्यंत जाऊन प्रश्न विचारले, आणि वर्षानुवर्षं कोर्टात दावे लढवले. सुमारे २ लाख २० हजार लोकांना शेवटी विमानात बसवावं लागलं, कंपनीला जवळपास पाच कोटी पौंडांचा फटका बसला आणि अखेर तिचा युरोपातला धंदा विकला गेला. फुकट देऊ केलेला शब्दसुद्धा शब्दच असतो, हे त्या ग्राहकांनी कंपनीला पाळायला लावलं.

म्हणून नुसतं 'लोभ' म्हणून आजीचं म्हणणं मान्य करता येत नाही. आणि शिवाय, ही गर्दी काही फोन-टीव्हीपुरतीच नसते. २०२१ चा उन्हाळा आठवा. २८ एप्रिलला दुपारी चार वाजता अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांसाठी कोविन या संकेतस्थळावर लशीची नोंदणी सुरू झाली. पहिल्या काही मिनिटांत ओटीपीच येईना. पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली, आणि त्यांच्या लक्षात आलं की नोंदणी झाली तरी लशीची वेळ मिळत नाही. रोज ठरावीक वेळी केंद्रांच्या जागा खुल्या व्हायच्या आणि काही सेकंदांत संपायच्या. दुसऱ्या लाटेनं घराघरात माणसं आजारी होती. तिथं कुणी सवलत मागत नव्हतं. मे महिन्याच्या मध्यावर तर लशीच्या टंचाईमुळे महाराष्ट्र सरकारला या वयोगटाचं लसीकरण काही काळ थांबवावं लागलं. शेजारच्या जालन्याचे राजेश टोपे तेव्हा आरोग्यमंत्री होते, त्यांनीच ते जाहीर केलं.

त्या वेळी वडिलांचं दुसरं मत, 'आपलं नेट स्लो आहे', याचा खरा अर्थ लोकांना कळला. ज्यांच्याकडे चांगलं नेट, मोठा पडदा आणि घरी बसून दिवसभर टपून राहण्याची सोय होती, त्यांना जागा मिळाल्या. काही हुशार मुलांनी जागा खुली होताच सूचना देणाऱ्या यंत्रणा तयार केल्या. शहरातली माणसं गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर गेली, आणि त्या गावातला शेतकरी आपल्याच गावच्या दवाखान्यासमोर उभा राहून परका ठरला. 'हाजिर तो वजीर' ही म्हण आपल्याला न्यायाची वाटते. ती न्यायाची तेव्हाच असते, जेव्हा हजर राहणं सगळ्यांना सारखंच शक्य असतं. पहाटे उठून रांगेत उभं राहणं गरिबालाही जमतं. सेकंदाच्या शंभराव्या भागात बटण दाबणं सगळ्यांना जमत नाही.

मुलाच्या मताकडे येऊ. 'सगळं आधीच ठरलेलं असतं.' याला खुळचटपणा म्हणून झटकता येत नाही. आपल्या स्टेशनवरून देवगिरी किंवा नंदीग्रामनं जाणाऱ्याला तत्काळ तिकिटाचा अनुभव आहेच. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि बाकीच्यांसाठी अकराला खिडकी उघडते, आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत जागा जातात. प्रवासी वर्षानुवर्षं म्हणत होते की आमच्या पुढं कुणीतरी घुसतं. २०२५ मध्ये खुद्द रेल्वेनंच सांगितलं की पहिल्या पाच मिनिटांत आत शिरण्याचे जे प्रयत्न होतात, त्यांतले निम्म्यापर्यंत माणसांचे नसून यंत्रांचे असतात. अडीच कोटींवर खाती बंद करण्यात आली. १ जुलै २०२५ पासून आधारची ओळख पटवल्याशिवाय ऑनलाइन तत्काळ तिकीट मिळेनासं झालं आणि पहिली तीस मिनिटं एजंटांना मज्जाव झाला. म्हणजे 'कुणीतरी मध्ये घुसतं' असं ओरडणारा प्रवासी वेडा नव्हता. त्याच्याजवळ पुरावा नव्हता इतकंच.

तेच नवी मुंबईत झालं. २२ सप्टेंबर २०२४ ला कोल्डप्ले या इंग्लिश गायकवृंदाच्या, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या कार्यक्रमांची तिकिटं बुकमायशोवर निघाली. संकेतस्थळ कोसळलं, मग रांगेतले नंबर लाखांत दिसू लागले, आणि काही तासांतच अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची ती तिकिटं दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावात दिसायला लागली. पोलिसांनी चौकशी सुरू केली, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. हा धोरणाचा प्रश्न आहे, तो कायदे करणाऱ्यांनी सोडवायचा, असं म्हणून न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळली. तिथं निदान रांगेचा नंबर दिसत होता. पण नंबर दिसला आणि तो पुढं का सरकतो हे कळलं नाही, तरी राग तसाच राहतो.

मग यावर उपाय काय? एक उपाय आपल्याकडे आहेच, आणि तो जुनाच आहे. चिठ्ठी टाकणं. म्हाडाच्या घरांसाठी काही दिवस अर्ज घेतात, सोडत काढतात, यादी लावतात, प्रतीक्षायादीही लावतात, आणि ज्यांना घर लागलं नाही त्यांची अनामत परत करतात. शिक्षणहक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के जागांसाठीही राज्यात अशीच सोडत निघते. विम्बल्डनच्या टेनिसची तिकिटंसुद्धा १९२४ पासून सोडतीनं दिली जातात. सोडतीत दुपारी बाराला सगळ्यांनी एकदम धावण्याची गरज राहत नाही. आठ दिवसांत कधीही अर्ज करा, संधी सारखीच. स्लो नेटवाल्याला आणि वेगवान नेटवाल्याला एकच चिठ्ठी. नाव निघालं नाही तर माणूस 'आपलं नशीब' म्हणतो, पण 'आपल्याला फसवलं' असं सहसा म्हणत नाही. जिथं माल फार थोडा आणि मागणारे फार जास्त, तिथं 'हाजिर तो वजीर' सोडून सोडत हाच सभ्य मार्ग आहे. दुकानदारांना तो फारसा आवडत नाही, कारण सोडतीत घाई नसते, आणि घाई नसली की माणूस विचार करतो.

आता कायद्याबद्दल चार उपयोगाच्या गोष्टी सांगतो. जेवढा माल वाजवी प्रमाणात देण्याचा इरादाच नाही, त्याची सवलतीच्या भावात जाहिरात करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात होतं आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारनं जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. आमिष म्हणून दाखवलेल्या वस्तूचा पुरेसा साठा हवा, आणि तो मागणीपेक्षा कमी पडणार असेल तर तसं स्पष्ट सांगायला हवं, असं त्यांत म्हटलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये संकेतस्थळांवरच्या तेरा छुप्या क्लृप्त्यांना बंदी घालणारी तत्त्वं आली. त्यात 'खोटी घाई' हा प्रकार पहिल्याच रांगेत आहे. 'फक्त दोन शिल्लक', 'आत्ता तीस जण हेच पाहत आहेत', ही वाक्यं खोटी असतील तर ती आता नुसती चलाखी राहिलेली नाहीत.

पैसे खात्यातून गेले आणि ऑर्डर झालीच नाही, असं झालं तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणे अशा ऑनलाइन खरेदीतले अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढं दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. ती मागावी लागू नये असाच नियम आहे, पण आली नाही तर बँकेला लिहा. ऑर्डर पक्की होऊन रद्द झाली असेल तर आलेला निरोप पुसून टाकू नका. पडद्याचं छायाचित्र, वेळ आणि ऑर्डरचा क्रमांक जपून ठेवा. तोच तुमचा रांगेतला नंबर. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं अठ्ठेचाळीस तासांत तक्रार पोचल्याचं कळवलं पाहिजे आणि महिन्याभरात ती सोडवली पाहिजे, असा २०२० चा नियम आहे. नाही सोडवली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, ग्राहक आयोगातली तक्रार तुम्ही राहता तिथंच, म्हणजे आपल्या जिल्ह्यातच दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिला शुल्कही नाही.

एक इशाराही द्यायला हवा. या घाईचा खरा फायदा भामटे उठवतात. सेलच्या दिवसांत 'अमुक कंपनीच्या वर्धापनदिनानिमित्त मोफत' असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. खरं पान उघडत नाही म्हणून वैतागलेला माणूस मिळेल ती लिंक दाबतो आणि खात्यातले पैसे घालवून बसतो. 'वीस जणांना पुढं पाठवा' असं जिथं लिहिलेलं असेल, तिथं बक्षीस नाही हे नक्की समजा. आणि पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितके ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

शेवटचा मुद्दा. या सेलमध्ये ग्राहक एकेकटा असतो. एकाच वेळी लाखो माणसं एकाच दारावर असतात, पण कुणालाच शेजारी दिसत नाही, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा प्रतिस्पर्धी असतो. आपल्याकडे याच्या उलटही घडलेलं आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद कुटुंबं १९७५ पासून गटागटानं महिन्याचा माल एकत्र मागवतात. आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, सुमारे दीडशे जणांनी एकत्र येऊन एकदम मर्सिडीज गाड्या घेतल्या. सारा देश अवाक् झाला. त्यातल्या श्रीमंतीचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथं कंपनीनं घंटा वाजवली आणि गिऱ्हाइकं धावली असं झालं नाही. गिऱ्हाइकांनी आधी आपसात बोलून आपली संख्या ठरवली आणि मग ती कंपनीशी बोलायला बसली. मर्सिडीज सगळ्यांना परवडणार नाही, पण ही रीत सगळ्यांना परवडते. सोसायटीत दहा घरांना पाण्याचे फिल्टर हवे असतील, तर दहा जणांनी दहा मोबाइलवर बाराच्या ठोक्याची वाट पाहण्यापेक्षा एका दुकानदाराला बोलावून भाव करावा.

आणि ज्यांना सेल लावायचे आहेत, त्यांना ग्राहकांनी एवढंच विचारावं : माल किती आहे, मागणारे किती आले, किती वाजता संपला? सेल संपल्यावर हे तीन आकडे जाहीर करायला कुठल्याही कंपनीला पाच मिनिटंही लागणार नाहीत, कारण ते तिच्या यंत्रात असतातच. छावणीच्या बाजारातली भाजीवाली हे तिन्ही आकडे रोज उघड्या टोपलीत मांडून बसते. तिच्याकडून रिकाम्या पिशवीनं परतलेलं गिऱ्हाईक पुढच्या गुरुवारी पुन्हा तिच्याकडेच येतं.